नंदूच्या रक्तातलं शिसं

भाऊसोच्या तळहातावर सोन्याचा तुकडा ठेवावा आणि त्यानं तो नुसता खालीवर करून खोट किती ते सांगावं. कवठे महांकाळच्या बाजारात आपल्यासारखा दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि खोटं कशाला बोला, ते खरंच होतं. गलाईचं काम त्याचं. जुने दागिने, सराफाच्या दुकानातला केर, सगळं मुशीत वितळवायचं, त्यात शिसं घालायचं आणि राखेच्या वाटीत भट्टीवर ठेवायचं. शिसं सगळी घाण ओढून घेतं, राखेत जिरून जातं, आणि मागं राहतं ते निव्वळ सोनंचांदी. उमेदीची वर्षं त्यानं या कामापायी तिकडं तमिळनाडूत, सेलमला काढली. लेक झाली तशी गावाची ओढ लागली. परत आला आणि घराच्या मागच्या खोलीत भट्टी मांडली.

या धंद्यात धूळ टाकत नाहीत. केर डब्यात साठवतात, बसायची सतरंजी जुनी झाली की जाळून तिची राखसुद्धा गाळतात, कारण त्यात सोन्याचे कण असतात. त्याची बायको संयोगिता लग्न होऊन सेलमला नवी गेली होती, तेव्हा एकदा खोली पुसलेलं पाणी तिनं मोरीत ओतलं. केवढं आकांडतांडव केलं होतं भाऊसोनं! तेव्हापासून त्या बाईनं चिमूटभर धूळ उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. आणि त्यांची राजनंदिनी, म्हणजे आपली नंदू, त्याच सतरंजीवर रांगली, तिथंच बोटं चोखत झोपी गेली. पोरगी सोन्यावर लोळती म्हणून बापाला कोण कौतुक! काय म्हणावं आता या माणसाला.

नंदू लवकर बोलायला लागली, आणि बोलायची तरी किती! शेजारच्या म्हशीला हाका मारायची, कुकरच्या शिट्टीला ओ द्यायची, बाप जेवायला बसला की मांडीला मांडी लावून दिवसभराच्या चहाड्या सांगायची. मग ते सगळं हळूहळू आटलं. पोट धरून कळवळायची, अन्नाला शिवायची नाही, पांढरीफटक पडली. आज एक शब्द गेला, उद्या दुसरा. कुणी दृष्ट काढली, कुणी जंताचं औषध दिलं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बाप काय काम करतो ते विचारलं आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं, भरमसाट.

ऐकून संयोगिताच्या पायाखालची जमीन सरकली. भाऊसोचा मात्र, खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. इतके दिवस त्याला भलत्यासलत्या रोगांची धास्ती होती. शिसं तर त्याच्या रोजच्या पंगतीतलं. ते कसं काढायचं ते त्याला ठाऊक नाही तर कुणाला?

बाईंनी समजावलं. किलेशन म्हणून उपचार असतो, औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण अंगाला हवे असलेले क्षारही त्याबरोबर जाऊ शकतात, मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून ते दवाखान्यात ठेवूनच द्यायचं. आणि आधी घरातली भट्टी गेली पाहिजे, नाहीतर एकीकडून काढायचं आणि दुसरीकडून भरायचं. संयोगितानं पोर बोलेल का, एवढं एकच विचारलं. बाई म्हणाल्या, शिसं निघेल, पण मेंदूला जे लागलंय ते भरून येईलच असा शब्द मी देणार नाही. यातलं शिसं निघेल एवढंच भाऊसोनं ऐकलं.

घरी आल्यावर दोघांचं पटेना. संयोगिताला औषधाची भीती वाटायची. एवढाएवढासा जीव, त्यात आणखी काय काय ओढून काढणार, म्हणून ती रडायची. भाऊसो आपला हटून बसलेला. "आगं, शिसंच हाय ते," तो म्हणाला. "गेलं की आपली पोर हाय तशी वर येती."

एवढ्या ठामपणानं म्हणाला की तिलाही ते खरं वाटावंसं वाटलं. आईचं मन ते, कुठं ना कुठं टेकणारच. ती तयार झाली. भाऊसोनं भट्टी फोडली, मायलेकींना जतला मेहुण्याकडं ठेवलं, मागची खोली धुऊन काढली. हातातली कला अशी मोडताना त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. त्याचं सगळं ध्यान त्या औषधाकडं लागलेलं होतं.

औषध लागू पडलं. पोटदुखी थांबली, गालांवर रंग आला, नंदू भाकरी खायला लागली. काही दिवस जाऊ दिले, पुन्हा दिलं, पुन्हा तपासलं. आकडा उतरत गेला तसा भाऊसो वॉर्डात भेटेल त्याला सांगत सुटला. रोज लेकीसमोर उकिडवा बसायचा, म्हणायचा, म्हण, पप्पा. नंदू त्याच्या शर्टाचं बटण पिरगाळत राहायची. ती त्याच्याकडं बघायचीच नाही.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा बाईंनी औषध बंद करू या म्हटलं. भाऊसो गयावया करायला लागला. आणखी एकदा द्या, म्हणाला, अजून कुठंतरी बारीक राहिलं असंल.

"भाऊसो, शिसं निघालंय," बाई हळूच म्हणाल्या. "आता काढण्यासारखं काही राहिलेलं नाही."

तो नंदूकडं बघत राहिला. मग एकदम लहान झाल्यासारखं त्यानं विचारलं, "मग हीच का माझी पोर?"

एवढ्या महिन्यांत नवऱ्याला दोषाचा एक शब्द न बोललेल्या संयोगितानं नंदूला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आपली पोर लय बोलायची."