शिडीच्या वरचे मामंजी

माझ्या सासऱ्यांइतका मुका माणूस उभ्या सांगली जिल्ह्यात झाला नसेल आणि त्यांच्याइतका बोलका माणूसही झाला नसेल. या दोन माणसांमध्ये फरक होता तो फक्त एका बांबूच्या शिडीचा. शिडीच्या खाली मामंजी म्हणजे भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. पण एकदा का ते शिडी चढून स्लॅबवर पोचले, की त्यांना अशी वाचा फुटायची, की खालची गल्ली, शेजारचा गोठा आणि पलीकडचा ऊस, सगळ्यांना पुरून उरायची. लग्न होऊन मी कृष्णाकाठच्या त्या गावात आले तेव्हा हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर सुरुवातीचे काही महिने मी उगाच जीव मुठीत धरून वावरले नसते.

मामंजी फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांची सगळी नोकरी वायरलेसवर गेली. कुठल्या तरी डोंगरावरच्या चौकीत कानाला यंत्र लावून बसायचं आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी दिवसभर बोलायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं. त्यामुळेच की काय, समोर जितंजागतं माणूस उभं राहिलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. त्यात आमच्याकडची रीत अशी, की सुनेनं सासऱ्यापुढं आवाज काढायचा नाही आणि सासऱ्यानंही सुनेशी थेट बोलायचं नाही. काय असेल ते सासूच्या मार्फत. मामंजींना ही रीत फारच मानवली होती. मी चहाचा कप घेऊन त्यांच्या पुढ्यात उभी असले, तरी ते भिंतीकडे बघून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, साखर जरा कमी टाक." आत्याबाई माझ्याकडे वळायच्या, "साखर कमी टाक म्हणत्यात." मी हळूच आत्याबाईंना म्हणायचे, "बरं म्हणावं." एकदा आत्याबाई लग्नाला परगावी गेल्या होत्या आणि मामंजींना आंघोळीला पाणी हवं होतं. ते थोडा वेळ अंगणात येरझारा घालत राहिले. मग गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, "पानी तापलं आसंल तर बरं हुईल." म्हशीनं कान हलवला. मी न्हाणीत बादली नेऊन ठेवली.

मी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. आमच्याकडे पाऊस आणि वडील दोघंही सारखेच, आले तर आले. वडील मुंबईला नोकरीला. वर्षातून एकदा गावी यायचे, चार दिवस शेळ्यांची आणि विहिरीची चौकशी करायचे आणि परत जायचे. त्यामुळे बाप माणूस घरात बसलेला असला की त्याच्याशी कसं बोलायचं, हे मला माहेरी कधी शिकायलाच मिळालं नाही. सासरी आल्यावर ते शिकायला मिळेल असं वाटलं होतं, तर इथं म्हशीच्या मार्फत कारभार.

घरात एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, लाकडी पेटीतला, शटर ओढून कुलूप लावायचा. त्याचा अँटेना मामंजींनी स्वतःच्या हातानं एका उंच लोखंडी पाइपावर बसवला होता. वारा सुटला, कावळा बसला, कुणी जोरात दार आपटलं, की चित्रात मुंग्या यायच्या. मग मामंजी पायातल्या चपला काढून, धोतराचा काचा मारून शिडी चढायचे. अँटेना फिरवायला एक माणूस वर आणि चित्र बघून सांगायला एक माणूस खाली लागतं. खालचं काम पूर्वी माझे पती करायचे, पण ते सांगलीत हळदीच्या पेढीवर नोकरीला लागल्यापासून ते आत्याबाईंकडे आलं. आत्याबाईंना नवरा उन्हातून लवकर खाली यावा एवढीच काळजी. पडद्यावर एकाच बातम्यावाल्याची दोन डोकी दिसत असली तरी त्या ओरडायच्या, "आलं, आलं, लय झ्याक आलं, उतरा!" मामंजी खाली यायचे, दोन डोकी बघायचे आणि एक अक्षर न बोलता पुन्हा शिडी चढायचे.

एका सकाळी हे पेढीवर आणि आत्याबाई दळणाला गेल्या होत्या. वरून आवाज आला, "आलं का? ओव्हर." मी चुलीपाशी गप्प. "आलं का? खाली कोन हाय? रिपोर्ट दे! ओव्हर." घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी पदर सावरत टीव्हीसमोर गेले आणि खिडकीशी तोंड नेऊन कुजबुजले, "मुंग्या हायत." वरून गर्जना झाली, "मोठ्यानं बोल! आवाज येत न्हाई! ओव्हर!" आता सासऱ्यापुढं आवाज काढायचा नाही ही रीत आणि सासराच मोठ्यानं बोल म्हणतोय. मी डोळे मिटले आणि माणच्या माळावर शेळ्या वळवताना काढायचे तसा आवाज काढला, "मुंग्या हायत, मामंजी! कोल्हापूरकडं फिरवा!" शेजारच्या दोन बायका दारात आल्या. मग मामंजी म्हणाले, "शाब्बास! स्टेशन बराबर लागलं. पर बोलून झालं की ओव्हर म्हनायचं. ओव्हर म्हंजे माझं झालं, आता तू बोल. ध्यानात आलं का? ओव्हर."

"आलं, मामंजी. ओव्हर," मी म्हणाले. माझं सासऱ्यांशी झालेलं हे पहिलं बोलणं.

त्यानंतर आमच्या अँटेनाला जणू ग्रहणच लागलं. वारा नसताना चित्र जायला लागलं. मामंजी रोज संध्याकाळी वर, मी रोज खिडकीशी. पहिलं वाक्य अँटेनाचं असायचं, पुढची कुठलीही. जेवलीस का, ओव्हर. म्हईस आज दूध कमी का देती, ओव्हर. दहिवडीकडं टँकर आला का, काय म्हनतीया तुजी आई, ओव्हर. मी म्हणायचे, आईचं बरं हाय, ओव्हर. मामंजी कधी लडाखच्या थंडीची गोष्ट सांगायचे, कधी पंजाबातल्या भाकरीची. एकदा तर त्यांनी मला आमटीत आमसूल जास्त झालं होतं हे पाइप फिरवता फिरवता सांगितलं आणि ते साऱ्या गल्लीला कळलं. आत्याबाई वैतागायच्या. म्हणायच्या, "वर गेलं की वारं लागतंय ह्यांच्या डोस्क्याला." खाली उतरले की मामंजी पुन्हा भिंतीकडे बघत बसायचे.

असंच एकदा वरून विचारणं झालं, "तुजं बी.ए.चं शेवटचं वरीस ऱ्हायलंय म्हनं? ओव्हर." लग्न ठरलं आणि माझं कॉलेज सुटलं होतं. आत्याबाईंना सुनेनं एसटीनं सांगलीला जाणं अजिबात पसंत नव्हतं, त्यामुळे मी तो विषय मनातच पुरून टाकलेला. मी म्हटलं, "व्हय, ऱ्हायलंय. ओव्हर." त्यावर मामंजींनी पाइप सोडला, कमरेवर हात ठेवले आणि परेडवर हुकूम द्यावा तशा आवाजात जाहीर केलं, "जूनपास्नं आमची सून सांगलीला कालेजात जानार! ऐकलं का समद्यांनी? ओव्हर!" समोरच्या घरातून कोणीतरी म्हणालंसुद्धा, "ऐकलं, सुभेदार!" आत्याबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या, पण गल्लीनं ऐकलेलं परत कसं घेणार? मी बी.ए. झाले, पुढं बी.एड. केलं, गावच्याच हायस्कुलात मराठी शिकवायला लागले. आज मी जी काही आहे ती त्या स्लॅबवरच्या एका वाक्यामुळं आहे आणि हे मी कुणालाही सांगायला तयार असते.

मग गावात केबल आली. सांगलीचा एक केबलवाला विजेच्या खांबावरून, लिंबाच्या झाडावरून, शाळेच्या कौलांवरून काळी वायर ओढत ओढत आमच्या गल्लीपर्यंत पोचला. आमचे हे म्हणायला लागले, रंगीत टीव्ही घेऊ, केबल घेऊ, क्रिकेट नीट दिसेल. आत्याबाईंना मालिकेतल्या बायकांच्या साड्यांचे रंग बघायचे होते. नुसतं काळंपांढरं बघून त्या कोणत्या रंगाची साडी असेल यावर शेजारणीशी पैजा लावायच्या आणि निकाल काही लागायचा नाही. मामंजी मात्र होय म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. वर्षभर त्यांनी विचार केला. शेजाऱ्यांकडे जाऊन केबलचं चित्र बघून आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "चित्र ब्येस हाय. पर फिरवायचं काय?" केबलवाला घरी आला तेव्हा त्याला चहा पाजला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "वायर तुटली तर?" तो म्हणाला, जोडून देऊ. "आन न्हाई तुटली तर?" यावर त्या बिचाऱ्यानं चहा संपवला आणि वाट धरली.

हे सगळे म्हातारपणाचे हट्ट आहेत असं घरात सगळे म्हणत. मला मात्र वेगळाच घोर लागला होता. केबल आली की अँटेना जाणार, अँटेना गेला की मामंजी शिडी चढणार नाहीत आणि ते शिडी चढले नाहीत तर माझ्याशी बोलणार कोण? ते काही टीव्हीसाठी शिडी चढत नाहीत, हे मला कधीच कळून चुकलं होतं. पण हे घरात सांगायचं कुणाला आणि कसं? एका संध्याकाळी त्यांनी वरून विचारलंसुद्धा, "केबलबद्दल तुजं मत काय? ओव्हर." माझ्या ओठांवर "नको" आलं होतं. पण गल्ली ऐकत होती. मी म्हटलं, "तुमी म्हनाल तसं, मामंजी. ओव्हर." वरून नुसता पाइप करकरला.

त्या पावसाळ्यात शिडीची एक पायरी मोडली आणि मामंजी खाली आले. नशिबानं ओल्या मातीत पडले, पण पाय चांगलाच मुरगळला. महिनाभर खाटेवर. मग ह्यांनी सगळ्यांना बसवून विषय काढला. आत्याबाई केबलच्या बाजूनं, हे केबलच्या बाजूनं. मामंजी भिंतीकडे बघत म्हणाले, "आन तिचं काय म्हननं हाय?" मी त्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं. मी आत्याबाईंना म्हटलं, "आणूया म्हणावं." मामंजींनी मान हलवली. "मग आना," एवढंच म्हणाले.

रंगीत टीव्ही आला. केबलवाल्यानं अँटेनाची वायर कापून बाजूला टाकली. चित्र इतकं स्वच्छ, की कावळा बसो नाहीतर वादळ येवो, एक मुंगी दिसेल तर शपथ. आत्याबाई साड्या बघून खूश, हे क्रिकेट बघून खूश. मामंजी खुर्चीत बसून बघायचे, मी दाराआडून बघायचे आणि आमच्यात "साखर कमी टाक म्हणावं" याच्या पुढं एक शब्द नाही. कितीतरी वेळा वाटायचं, चहा ठेवताना काहीतरी बोलावं. पण त्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर आलो की दोघांच्याही जिभा टाळूला चिकटायच्या. त्यांचा पाय बरा झाला, थंडीही संपत आली, तरी घर तसंच गप्प. मला ते घर पहिल्यांदा परकं वाटायला लागलं.

एका दुपारी शाळेतून घरी आले, तर वीज गेलेली. आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या. मी भाजी निवडायला बसले आणि वरून आवाज आला.

"आलं का? ओव्हर."

मी उठून टीव्हीसमोर गेले. पडदा काळा कुळकुळीत. वर जो पाइप फिरत होता त्याला वायरसुद्धा नव्हती. मी खिडकीशी गेले आणि म्हणाले, "न्हाई आलं, मामंजी. पुण्याकडं घ्या जरा. ओव्हर."

पाइप करकरला. "आता? ओव्हर."

"आता बरं हाय. पाय दुखतोय का? ओव्हर."

"न्हाई. शाळंत पोरं ऐकत्यात का तुजं? ओव्हर."

"ऐकत्यात." ओव्हर म्हणायचं राहूनच गेलं. डोळे भरून आले होते. ती शिडी दुरुस्त केलेली नव्हती, मोडकी पायरी तशीच होती आणि हा म्हातारा माणूस एकदा मुरगळलेला पाय घेऊन माझ्याशी दोन शब्द बोलायला वर चढला होता. मी पदरानं डोळे पुसले आणि ओरडले, "मामंजी, खाली या. मला खालनंबी ऐकू येतंय. ओव्हर."

मला वाटलं, आपण मर्यादा सोडली. मग अगदी हळू आवाजात आलं, "रॉजर." वायरलेसच्या भाषेत, ऐकलं, समजलं.

मी धावत जाऊन शिडी घट्ट धरली. ते एकेक पायरी चाचपत उतरले, चपला घातल्या आणि खुर्चीकडे न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. मी चहा ठेवला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, घसा खाकरला आणि कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तुज्या माहेराकडं औंदा जवारी कशी हाय?"

मी सवयीनं थांबले. ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि मिशीत हसून ते म्हणाले, "ओव्हर."

पुढं पुष्कळ वर्षं आम्ही त्या उंबऱ्याशी बसून बोललो. रीत मोडली म्हणून आत्याबाई थोडे दिवस फणकारल्या आणि मग त्याही येऊन बसायला लागल्या. मामंजी आता नाहीत. स्लॅबवरचा पाइप अजून आहे, भंगारवाला दरवर्षी विचारून जातो. अनेक घरं पाहिली, अनेक बोलक्या माणसांना भेटले, पण आपलं बोलून झालं की थांबून समोरच्या सुनेचं ऐकायचं, हे मला फक्त त्या एका मुक्या माणसानं दिलं. अजूनही संध्याकाळी वारा सुटून पाइप करकरला, की मी हातातलं काम ठेवून खिडकीशी जाते.