मूळ वहीतली चूक

पेशी प्रथिनं कशी बनवते, हा धडा मी बोईसरच्या ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं शिकवला की पुस्तक उघडायची गरजच उरली नव्हती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील एमआयडीसीत कामाला, त्यामुळे उदाहरण तयारच. डीएनए म्हणजे साहेबांच्या कपाटातला मूळ कागद. तो कपाटाबाहेर पडत नाही. त्याची नक्कल, म्हणजे आरएनए, प्लांटवर जाते. तिथला कामगार म्हणजे रायबोसोम. तो तीन-तीन अक्षरं वाचतो आणि त्याच क्रमाने अमिनो आम्लं जोडत जातो. कामगार बिचारा इमानी. मुळात चूक असली तर चूकच बनवणार.

"उदाहरण लिहा, सिकलसेल. एका अक्षराची चूक, हिमोग्लोबिन बिघडलं, लाल पेशी विळ्यासारख्या वाकल्या. दोन मार्क खिशात!" हे मी फार ठसक्यात सांगायचे.

मागच्या बाकावरची डोंगरपट्टीतली एक मुलगी महिन्यातले आठ-आठ दिवस गायब असायची. तिकडचं पोर दिसलं नाही की आम्ही शिक्षक डोळे झाकून हजेरीवहीत 'स्थलांतर' लिहितो. गेली असेल आईबापाबरोबर वीटभट्टीवर, विचारत कोण बसतंय! क्लार्कने माझ्या वहीवरून यादी उतरवली आणि हजेरी कमी म्हणून बारावीच्या परीक्षेला बसता न येणाऱ्यांत तिचं नाव नोटीस बोर्डावर लागलं.

त्याच दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली. आरोग्य केंद्राचं कार्ड तिने पुढे केलं.

"मॅडम, तुमी शिकवता तो सिकलसेल मला हाय. हातपाय ठणकतात, उठवत नाय. भट्टीवर आमी कदी गेलोच नाय."

"मग आधी सांगायचं नाही का?" मी विचारलं. चूक आपली असली की आम्हा शिक्षकांना हाच प्रश्न सुचतो.

"कोणी इचारलाच नाय."

मी तणतणत ऑफिसात गेले. "अहो, असं कसं लिहिलंत तुम्ही?" क्लार्कने शांतपणे वही उघडून माझंच अक्षर दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारपणाला सवलत आहे, दाखला जोडा, एवढंच तो म्हणाला. मी 'स्थलांतर' खोडलं, 'आजारी' लिहिलं, शेजारी सही केली. दाखला जोडल्यावर चार दिवसांत तिचं नाव यादीतून निघालं.

"बघ, खोडली चूक. आता बस परीक्षेला," मी तिला म्हटलं, पुन्हा थोडी ठसक्यातच.

तिने कार्ड दप्तरात ठेवलं.

"तुमच्या वहीतली खोडली, मॅडम. माझ्या मूळ कागदातली कोण खोडील?"