चार पांढरे दात

सोलापुरात त्या काळी न थांबणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. एक गिरणीचं धुराडं आणि दुसरे माझ्या मावशीचे यजमान. त्यातही धुराडं सुटीच्या दिवशी जरा दम खायचं. काका नाही. परमेश्वराने माणसाला बसण्यासाठी जो अवयव दिला आहे, तो काकांना केवळ धोतर नेसायची सोय म्हणून दिला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्यांचं सुताचं दुकान होतं. दुकानात पांढरीशुभ्र गादी, लोड, पानाचं तबक, सगळा थाट होता. पण गादीवर गिऱ्हाईक बसायचं आणि मालक रस्त्यावर. सूत घ्यायला आलेले विणकर आपसांत तेलुगूत काहीतरी बोलून हसले, की काका तेलुगूतच त्यांना उलटा टोला द्यायचे. मात्र तो टोला तिसऱ्या दुकानाच्या पायरीवरून यायचा. न्हावी घरी आला की अर्धी दाढी सोप्यात व्हायची आणि उरलेली गोठ्यात. एकदा त्यांनी मला नाटकाला नेलं. पहिला अंक त्यांनी डाव्या दारातून पाहिला, दुसरा उजव्या, आणि तिसऱ्या अंकात नायिका विष पीत असताना ते बाहेर भज्यांच्या गाडीवाल्याला तेल बदलायला लावत होते. घरी येऊन मावशीला त्यांनी जी गोष्ट सांगितली, तिच्यात नायिका शेवटी सुखाने नांदली.

अन् लग्न! लग्न मंद्रूपला झालं, शेतावरच्या मांडवात. मंगलाष्टकं लांबली. अंतरपाट दूर झाला, मावशीने हार धरून मान वर केली, तर समोर नवराच नाही. ते बैलांना पाणी दाखवायला गेले होते. "मला वाटलं, मी पसंत न्हाई पडले," असं म्हणून मावशी हसायची. मावशीचं हसणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. डोळे मिटायचे, खांदे गदगदायचे आणि जांभळासारखे काळेभोर दात सगळेच्या सगळे दिसायचे. तिच्या पिढीत लग्न झालेल्या बाईने दातवण लावायचं, म्हणजे हिरडा आणि हिराकस घालून केलेली काळी पूड. कुंकवाइतकंच तेही सवाष्णीचं लेणं. काळ्या दातांची बाई हसली की घर भरलं, असं समजायचे.

मग काळ बदलला. त्यांच्या मुलाचं लग्न झालं, सून पुण्याची आली. लग्नात फोटो काढणाऱ्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून "हसा" म्हटलं, मावशी मनापासून हसली, आणि वधूपक्षाकडची एक पोर मोठ्याने ओरडली, "अय्या, या बाईंनी शाई प्यायली!" सगळे हसले. मावशीने पदर तोंडाला लावला, तो लावलाच. पुढे ती पदराआडून हसायला लागली, मग हसेनाशी झाली. पाहुणे आले की ती चुलीपाशी जाऊन बसायची. हळदीकुंकवालासुद्धा जाईना.

हे काकांच्या लक्षात आलं, याचं मला आजही नवल वाटतं. धावत्या गाडीतून झाडं दिसावीत तशी त्यांना माणसं दिसत असतील, असा माझा समज होता. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. एके दिवशी काका चालू वर्गात शिरले.

"चल. दाताच्या डॉक्टरकडं जायचंय."

"दात दुखतोय?"

"दुखतोय कशाला? पांढरे करायचेत."

"कुणाचे?"

"तुझ्या मावशीचे. सगळे."

हे डॉक्टर कलकत्त्याला शिकून नुकतेच गावात आले होते. लोक त्यांच्याकडे दात उपटायला जात, तेही देवाला नारळ बोलून. चांगले, न दुखणारे दात घेऊन कुणी जिना चढत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, होतं काम. आधी पायाने फिरवायच्या यंत्रावर ब्रश लावून दात घासायचे, मग औषधाचा कापूस ठेवून दिव्याची धग द्यायची. एका बैठकीत चार दात. बैठक तासाभराची. 'बैठक' हा शब्द ऐकताच काका उठून खिडकीपाशी गेले.

घरी मावशी ऐकून चिडलीच. "तुमी जित्ते असताना मी दातवण पुसू व्हय? काय बोलताय, तोंड आवरा की जरा!"

"बरं, मग आधी माझे करतो. तंबाखूनं माझे काय कमी रंगलेत? ते बघ, मग तू ठरव."

"तुमी? त्या खुर्चीत? तासभर?"

"बसतो की! कोण न्हाई म्हणतंय?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. "मग मी येते बघायला," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत घराबाहेर न पडलेली बाई, नवरा बसतो कसा हे पाहायला निघाली.

काका खुर्चीत बसले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, त्यातून समोरचे चार दात तेवढे बाहेर काढले. यंत्र फिरलं. दिवा लागला. काकांचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत चालत होते, म्हणजे एव्हाना ते नव्या पेठेपर्यंत पोहोचले असावेत. तेवढ्यात खाली रस्त्यावर कापसाच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि गाडीवानांची जुंपली. मी खुर्चीकडे वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी! काका गच्चीत. तोंडाला रबराचा पडदा, त्यातून चार दात, हात वर, आणि "आं! आं! आंआं!" अशा गर्जना. डावीकडचा बैल मागे घे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

खालच्या गाडीवानाने वर पाहिलं आणि पटका काढला. "मालकाच्या अंगात आलंय की रं!" म्हणत त्याने हात जोडले. दुसऱ्याने भांडण सोडून विचारलं, "देवा, कुटं चुकलं?" देव म्हणाला, "आंआं!" दोघांनी मुकाट्याने गाड्या मागे घेतल्या.

डॉक्टरांनी हाताला धरून देवाला आत आणलं. त्यात दिवा विझलेला, औषध वाळलेलं, दवाखान्यात चार रोगी गाल धरून बसलेले. डॉक्टर म्हणाले, आता आज एवढंच. पडदा काढला. काका आरशात न पाहताच मावशीसमोर उभे राहिले आणि हसले.

"कसे दिसतात?"

समोरचे चार दात शुभ्र, अन् दोन्ही बाजूंचे कातासारखे तपकिरी. जुनाट भिंतीला मध्येच कुणी चुना लावून निघून जावं तसं ते तोंड दिसत होतं. मावशीने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तिचे खांदे हलू लागले. मग ती हसली. डोळे मिटून, पदर पार खांद्यावर गेलेला, सगळे काळे दात दाखवून, परक्या रोग्यांसमोर! गाल धरलेले रोगीसुद्धा हसले आणि कळवळले. काका तिच्याकडे बघत होते. तेवढा वेळ त्यांचे पाय हलले नाहीत.

दुसऱ्या बैठकीला काका गेलेच नाहीत. आज बाजार, उद्या अमावास्या, परवा सूत यायचंय. आम्ही सगळे म्हणालो, काकांना बसवणं शक्यच नाही. नातवाच्या बारशाला पुण्याची मंडळी आली. बायका मावशीकडे बघून कुजबुजायला लागल्या, तसे काका थेट बायकांच्या घोळक्यात घुसले आणि विहीणबाईंना म्हणाले, "तुमच्याकडं असे मिळतात व्हय?" आणि हसून दाखवलं. मावशीला राहवेना. ती हसली, मग विहीणबाई हसल्या, आणि पदराची आठवण कुणालाच राहिली नाही. पुढे मावशी हळदीकुंकवाला जाऊ लागली. दात तिने काळेच ठेवले.

बऱ्याच वर्षांनी माझी दाढ दुखली म्हणून मी त्याच डॉक्टरांकडे गेलो. "तुमचे काका बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं. "तंबाखू सोडत नाहीत, मग रंग चढणारच. दर दोन-तीन महिन्यांनी यावं लागतं त्यांना."

"काका येतात? इथे?"

"नेहमी. एकटेच येतात, तासभर गप्प बसतात. मी म्हणतो, मालक, बाकीचेही करून टाकू. तर नको म्हणतात. चारच करा, म्हणतात. घरी सांगू नका, म्हणतात."

मीही सांगितलं नाही.

मावशी एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेली. त्यानंतर काका पूर्वीसारखेच दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात करत राहिले, विणकरांशी तेलुगूत बोलत राहिले. त्या दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन गेलो. डबा माझ्या हातातून घेताना ते माझ्याकडे पाहून हसले. चारही दात बाकीच्यांसारखेच तपकिरी झाले होते.