थायोफीनचा वास आला तो दिवस

तापातून उठले आणि माझं नाक गेलं. जागेवर होतं, पण वास येईना. आई फोडणी द्यायची, मला नुसती तडतड ऐकू यायची. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले.

मी चाकणच्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट आहे. त्या सुमारास आमच्या लॅबमध्ये थायोफीनचं काम आलं. चार कार्बन आणि एक गंधक यांचं पाच कोनांचं कडं; औषधांच्या रेणूंत ते पुष्कळदा लागतं. अशा कड्यांना ॲरोमॅटिक म्हणतात, म्हणजे शब्दशः सुगंधी. ती बनवताना सुटणारा वास मात्र कपड्यांत, केसांत, डब्याच्या पिशवीत जाऊन बसतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी जवळच्याच निघोजे गावचा. त्यानं पहिल्यांदा हे काम केलं, तेव्हा बायकोनं त्याचं ताट ओसरीवर नेऊन ठेवलं होतं.

मी आमच्या लॅबप्रमुख मॅडमना म्हटलं, हे काम मला द्या, मला कुठं वास कळतोय. मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी ताबडतोब नाही म्हटलं. यात विषारी वायू सुटू शकतो, वास न येणाऱ्यानं तर लांबच राहावं, असं त्यांचं म्हणणं. सहकारी म्हणाला, मी थांबतो सोबत. तेव्हा कुठं त्या तयार झाल्या, पण वायू मोजणारं यंत्र कायम कॉलरला लावायचं या अटीवर.

"नाकावर तसंही कुणी विसंबायचं नसतं," त्या म्हणाल्या. "वायू जास्त झाला की आधी नाकच बधिर होतं."

मला ते काम फार आवडलं. फ्लास्कमध्ये गंधकाची पिवळी पूड अल्कोहोलात फिरत राहायची आणि हळूहळू सगळं गडद लाल व्हायचं. पहिल्या खेपेला हाती डांबरासारखा चिकट गोळा आला, दुसऱ्या खेपेलाही. तापमान थोडं उतरवून पाहिलं तसं जमत गेलं. घरी जाताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामीच असायची. मी ऐसपैस बसून आकुर्डीपर्यंत झोप काढायचे.

मग एका दुपारी फ्लास्क बर्फात ठेवून, स्फटिक धरावेत म्हणून मी काचेच्या कांडीनं तो आतून खरवडत होते. एकदम स्फटिक पडायला लागले, बारीक, पिवळे, बघता बघता फ्लास्कभर. ते गाळून घेतले, आणि काहीतरी नाकात शिरलं. जळलेलं रबर, सडका कांदा. मी आधी यंत्राकडे पाहिलं. शून्य. वायू बाहेर ओढणाऱ्या हुडाचा पंखा चालू होता. तरी मागं सरकले आणि सहकाऱ्याला विचारलं, तुला वास येतोय का?

"व्हय," तो म्हणाला. "रोजचाच हाय की."

"मलाही येतोय."

तो मास्क खाली करून हसायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. काय झालं ते कळल्यावर त्यांनी पर्समधून हँडक्रीमची ट्यूब काढून माझ्यासमोर धरली. त्याचा वास काही आला नाही. पण त्या धरून उभ्या होत्या, म्हणून मी पुन्हा पुन्हा हुंगत राहिले.

संध्याकाळी बसमध्ये स्वतःचाच वास आला आणि मी ओशाळले. इतके दिवस ही माणसं एक शब्द बोलली नव्हती. पुढच्या सीटवरच्या काकूंना मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं, आम्हाला वाटायचं तुमच्या कंपनीत खत बनवतात.

आकुर्डीला उतरून आईला फोन केला. ती घरच्या चपलांतच स्टॉपवर आली. घरी जायच्या आधी तिनं मला भाजीच्या गाड्यांवरून फिरवलं. कोथिंबीर, पुदिना, आलं, एकेक उचलून माझ्या नाकाशी लावत होती, आणि मी नाही, नाही म्हणत होते. पेरूला मात्र मी थांबले. काहीतरी येत होतं, पण ते पेरूचं नव्हतं, साबणाचं होतं.

"येतंय ना पण?" आई म्हणाली.

येतंय, म्हटलं. तिनं पेरूवाल्याला पिशवी भरायला सांगितली.