चिंचोक्यांवर मोजलेली ताकद

अमरावतीच्या आमच्या कॉलेजातल्या काँक्रीट लॅबमध्ये सिमेंट पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात, किस्सा पक्का व्हायला एक चहा पुरतो. त्यातले निम्मे किस्से आमचे लॅब असिस्टंट वानखडेभाऊ यांचे!

तेल्हाऱ्याची प्रज्ञा माझ्या हाताखाली एम.टेक.ला फेरोसिमेंट घेऊन बसली. म्हणजे आत तारेची जाळी घातलेली, इंचभर जाडीची सिमेंटची फळी. तिच्यावर पुन्हा पुन्हा भार दिला-काढला तर ताकद किती उरते? हे आपोआप करणारं मशीन आमच्याकडे नाही. भाऊंनी हाताचा जॅक घेतला. दहा वेळा भार झाला की एक चिंचोका या डब्यातून त्या डब्यात.

"काउंटर नाही का?" मी विचारलं.

"हाय ना सर. याले चार्जिंग लागत नाही!"

एकदा गप्पांच्या नादात मी त्यातला एक तोंडात टाकला. भाऊ ओरडले, "थुका सर! दहा वेळचा भार चघळून राहिले तुमी!"

मे महिन्यात नळ गेला. भाऊंनी माझ्या कूलरमधलं पाणी काढून फळ्यांवरच्या गोणपाटावर ओतलं. मी घामाघूम.

"तुमी सुकले तर पाणी पेता येते सर. हे सुकलं तर तडकते!"

शेवटची फळी मात्र मोडायलाच तयार नाही. बारीक भेगा पडल्या, पण बाई तग धरून! चिंचोके संपले. भाऊ म्हणाले, "ताई, हे थकत नाही. मीच थकून राहिलो." प्रज्ञा हसली. खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

लॅबच्या दारातली नाली कधीची उघडी होती. मी तीन अर्ज दिले होते. एका सोमवारी बघतो तर झाकलेली! अर्ज लागू पडला म्हणून मी सगळ्यांना चहा पाजला. भाऊंनी दोन कप घेतले.

मग तोंडी परीक्षा. पुण्याचे परीक्षक प्रबंध मिटून म्हणाले, "शेवटची फळी मोडली नाही असं लिहिलंय. ती पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

रॅकवर फळी नव्हती. प्रज्ञाचा चेहरा उतरला. दोन वर्षांची मेहनत! मी रॅकखाली वाकून शोधायला लागलो.

भाऊ दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, सकाळपासून चारदा तुमी तिच्यावरूनच आले-गेले!"

परीक्षक उठले. दारात गेले. फळीवर उभं राहून त्यांनी एक उडी मारली. मग दुसरी.

"ताई," भाऊ म्हणाले, "दोन वाढवा!"