रिकाम्या गाडीचं माप

बायको गेली तेव्हा ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या आमच्या पलंगाखाली पडून होत्या. दोन महिन्यांपूर्वी सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून मी त्या हौसेनं आणल्या होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लावायच्या. खालची कड बाहेर वळवलेली. त्या लावल्या की गाडी बुटकी आणि रुबाबदार दिसते, असं दुकानदारानं सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "गाडीला परकर नेसवताय व्हय?" दुकानदार हसला, मी हसलो नाही. गाडीची चेष्टा मला खपायची नाही.

गाडी म्हणजे आमच्या मिलच्या एका साहेबांनी टाकून दिलेली. इंजिन बसलेलं, सीटमध्ये उंदरांचा संसार. मी मिलमध्ये माग बसवणारा फिटर. ते धूड भंगाराच्या भावात उचललं आणि वर्षभर खटपट करून चालतं केलं. त्या वर्षात घरात किती लक्ष दिलं ते विचारू नका. पट्ट्या आणल्यावर मात्र हात लागेना. बायको झाडताना दर वेळी त्या बाहेर ओढायची, पुन्हा आत सरकवायची आणि म्हणायची, "लावा की एकदाच्या." मग तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली.

मला काही झालं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. लोक येत, बसत, डोळे पुसत, आणि मी त्यांच्या चहाच्या कपांकडं बघत बसायचो. अंगात भूल दिल्यासारखं झालं होतं. दात काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसा मी सगळाच. पाच वर्षांची मुलगी शेजारच्या विणकरांच्या घरी जेवायची, तिथंच निजायची. तिथली म्हातारी तिच्याशी तेलुगूत बोलायची, ही मराठीत उत्तर द्यायची.

गुरुवारी दिवसकार्य उरकलं आणि सासूबाईंनी विषय काढला. त्या मंगळवेढ्याच्या. त्यांच्याबरोबर माझा मेहुणा आणि त्याची बायकोही आली होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचं कसं करायचं, जावईबापू? तुमची मिलातली पाळी दर आठवड्याला बदलती. मी घिऊन जाऊ का तिला?"

मी म्हणालो, "न्या."

त्यांनी वळून आपल्या मुलाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रविवारी निगू मग." मी म्हणालो, एसटीनं कशाला, मीच गाडीनं सोडतो.

मग शुक्रवार-शनिवार मी पट्ट्या लावल्या. घरात मुलीच्या कपड्यांची बांधाबांध चालली होती आणि मी अंगणात गाडीखाली उताणा पडलो होतो. तिथं बरं वाटत होतं. डोळ्यांपुढं नुसतं लोखंड, आणि लोखंड काही विचारत नाही. काम मी माझ्या रीतीनं केलं. माग बसवताना आधी जमीन बघायची, मग लेव्हल लावायची, मग बोल्ट आवळायचे. एकदा बसवलेला माग वर्षानुवर्षं तसूभर हलत नाही, यात आम्हा फिटर लोकांचा सगळा अभिमान. तशीच मी गाडीची जागा झाडली, लेव्हलच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणला, जमिनीपासून चार बोटं माप धरून दोन्ही बाजूंना रेघ मारली. हातड्रिलनं भोकं पाडली. मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचे वॉशर कापून घातले. मुलगी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, "आप्पा, मी तिकडं किती दिवस राहायचं?" मी म्हणालो, "तो दहाचा पाना दे." तिनं दिला.

शनिवारी संध्याकाळी पट्ट्या बसल्या. केसाचाही फरक नव्हता. मिलमध्ये कुणी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

रविवारी सकाळी सगळे गाडीत बसले. पुढं मुलगी आणि मेहुणा, मागं सासूबाई आणि मेहुण्याची बायको, डिकीत पत्र्याची ट्रंक आणि धान्याचं पोतं. मुलीच्या कपड्यांचं गाठोडं सासूबाईंनी मांडीवर घेतलं होतं. गल्लीच्या तोंडाशी गटारावर एक उंच शहाबादी फरशी टाकलेली होती. तिच्यावर गाडी चढली आणि खालून असा खर्रकन आवाज आला की दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली.

मी खाली वाकून बघितलं आणि कळलं. माग जमिनीवर बसतो, गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर. माणसं बसली की पाटे दबतात आणि गाडी खाली येते. हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी माप घेतलं होतं रिकाम्या गाडीचं. भरल्या गाडीत ती चार बोटं दोन बोटांवर आली होती.

सासूबाई खाली उतरल्या. पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ऱ्हाऊ द्या की आज," त्या म्हणाल्या. "हे नीट करा. उद्या न्हायतर परवा निगू. लई घाई हाय का आपल्याला?"

मला पट्टीचा राग आला होता. माझं काम चारचौघांत चुकलं, एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, "काही होत नाही. आज निघायचं म्हटलंय तर आजच निघू."

सगळ्यांना उतरवून गाडी फरशीवरून काढली, पुन्हा सगळ्यांना बसवलं. पुढं रस्ता तसलाच, उखडलेल्या खडीचा. दर खड्ड्याला पट्टी घासायची. तिसऱ्या खेपेला मुलगी खुदकन हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. मग ती मोजायलाच लागली. "सात! आप्पा, आठ!" मंगळवेढा येईपर्यंत एकतीस झाले. शेवटचं तिच्या आजोळच्या दारात वाजलं आणि ती टाळ्या पिटत उतरली. मी जेवलोही नाही. पाळीची सबब सांगून निघालो. ती दारात उभी राहून हात हलवत होती, आणि मला तेव्हाही काही झालं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत मी एकटा. खड्डे तेच होते. पहिल्या मोठ्या खड्ड्याला मी कान टवकारले. काही वाजलं नाही. दुसऱ्याला नाही, दहाव्याला नाही. भीमेच्या पुलापाशी माझ्या ध्यानात आलं की मी दर खड्ड्याला आवाजाची वाट बघतोय. पुढं तर मी मुद्दाम खड्ड्यात घालायला लागलो. गाडी अलगद वर जायची, अलगद खाली यायची. माप अगदी बरोबर होतं.

गल्लीच्या तोंडाशी ती फरशी आली. तिच्यावरूनही गाडी निमूट गेली. मी मागं घेतली, पुन्हा नेली. नाही वाजली. तिथंच इंजिन बंद करून बसलो, आणि तेव्हा कुठं मला सासूबाईंचं सकाळचं बोलणं ऐकू आलं. त्या पट्टीविषयी बोलत नव्हत्या. गुरुवारीही त्या माझ्या होकाराची वाट बघत नव्हत्या. बाप आहे, नको म्हणेल, म्हणून विचारत होत्या. दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी पोर देऊन टाकली. मग मला रडू आलं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा, भर रस्त्यात, लोक येत-जात असताना.

ऊन कलायला अजून वेळ होता. मी शेजारी गेलो आणि विणकरांच्या अख्ख्या घराला म्हणालो, जरा गाडीत येऊन बसा. म्हातारी, तिचा मुलगा, सून, सगळे आले. बायकोच्या दुःखानं याचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असणार. उभ्या गाडीत, अंगणात, हात मांडीवर ठेवून ते गुपचूप बसून राहिले. मी जमिनीवर पालथा पडून नवी रेघ मारली, वर, भरल्या गाडीच्या मापानं. अंधार पडायच्या आत नवी भोकं पडली. रुबाब गेला. पट्ट्या वर दारांच्या कडेला भिडल्या, परकर आखूड झाल्यासारखा दिसायला लागला.

सोमवारी मी पाळीला गेलो नाही. पहाटे निघून मंगळवेढ्याला पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. मी म्हणालो, "पोरीला न्यायला आलोय. कसं जमवायचं ते मला अजून ठाऊक नाही."

त्यांनी बादली खाली ठेवली. "च्या ठिवलाय," म्हणाल्या, "पिऊन निगा."

मी आत गेलो. मुलगी अजून झोपलेली होती. तिच्या कपड्यांचं गाठोडं उंबऱ्याच्या आत, आल्या आल्या ठेवलं होतं तिथंच होतं. त्याची गाठ कुणी सोडलेली नव्हती.