चाळीस पानं राहिली

सुमनताईंनी पहिल्या भेटीत मला नाव, गाव काही विचारलं नाही. कंपनीची बस आकुर्डीहून सुटली होती, मी नवीन, जागा दिसली तिथं बसले. खिडकीशी पन्नाशीच्या एक बाई मांडीवर डबा आणि डब्यावर पुस्तक ठेवून वाचत होत्या. मोशी मागं पडली तसं त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "एवढं शेवटचं पान वाचून दाखव. मोठ्यानं." नोकरीच्या पहिल्या दिवशी नाही कोण म्हणणार? वाचलं. जळालेल्या गढीतून एक बाई बाहेर पडते आणि मागं वळून बघत नाही, असं काहीसं होतं. ताईंनी डोळे मिटून ऐकलं, पुस्तक पिशवीत टाकलं आणि मग विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला गं तू?"

त्या पॅकिंगला, मी क्वालिटीला. मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही, हेच माझं काम. ताईंचं माहेर कुरुळी, बोलणं तिथलंच राहिलेलं. दरवर्षी पाऊस ओसरला, ऊन पिवळं पडायला लागलं की पितृपक्षासाठी त्या एक भयकादंबरी निवडायच्या. जुनी, परदेशातली, मराठीत आणलेली. आकुर्डी स्टेशनाबाहेरच्या रद्दीवाल्याकडं आम्ही दोघी जायचो. मी चकचकीत काही उचललं की त्या ते परत ठेवायच्या. "पक्षात नवं काय आणत न्हाईत. कुणाच्या तरी हातातनं उतरल्यालं पाहिजे."

निवड करताना बाई फार कडक. "घर मोठं पाहिजे, माणसं थोडी पाहिजेत, आन् एक तरी खोली कुलूपबंद पाहिजे," असं म्हणत पानं चाळायच्या. एकदा मी कौतुकानं एक जाडजूड पुस्तक पुढं केलं. त्यांनी अर्धं पान वाचून मिटलं. "पयल्याच पानावर भूत? आधी चाहूल तरी लागू दे बाई. पाहुणा बेल न वाजवता आत आल्यावर त्याचा काय मान राहतो?" मी म्हटलं, ताई, तुमच्या घरात दोनच खोल्या, कुलूपबंद खोलीची एवढी हौस कशाला? तर म्हणाल्या, "म्हणून तर पुस्तकात बघती."

त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा गेले ते पितृपक्षातच. मुलगा मारुंजीला, आयटीत. इथं त्या एकट्या. खिडकीशी एक लाकडी खुर्ची, शेजारी स्टुलावर झाकलेलं ताट आणि ताटाजवळ कव्हर फाटलेलं एक पुस्तक. डोंगरावरचा वाडा, त्याचा म्हातारा मालक, बंद असलेला वरचा मजला. ताईंच्या सगळ्या अटींत बसणारं. मी हात पुढं केला.

"त्याला नगं हात लावू," ताई आतून म्हणाल्या. "तुझं दाजी वाचत्यात."

दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी हात मागं घेतला. खुर्चीवरची गादी मधोमध दबलेली होती, ती मात्र मी पाहिली.

ताईंनीच मग सांगितलं. दाजी रात्रपाळी करून आले आणि या खुर्चीत वाचत बसले. ताई पहिल्या शिफ्टला. परत आल्या तेव्हा पुस्तक त्यांच्या छातीवर होतं, कँटीनचं गुलाबी कूपन पानांत होतं आणि ते नव्हते. "शेवटाला माणसाला सोबत पाहिजे गं. ती माझ्याच्यानं न्हाई झाली." बसमध्ये शेवटचं पान माझ्याकडून का वाचून घेतात, ते मला तेव्हा समजलं. त्यानंतर मी ते कधीच घाईनं वाचलं नाही.

पण दाजी येऊन वाचतात आणि कूपन दरवर्षी पुढं सरकतं, हे ताईंचं म्हणणं काही माझ्या पचनी पडेना. ताई म्हणायच्या, "बोट ठिवून, ओठ हलवत वाचायचे. पंधरवड्यात आठ-दहा पानं, जास्त न्हाई." मी ठरवलं, बघूच. पक्षाच्या पहिल्या दिवशी गुपचूप फोटो काढला, कूपन २५० आणि २५१ च्या मधे. सर्वपित्रीला पाहिलं तर २५८. ताईच सरकवत असणार, दुसरं कोण? एकटं माणूस दुःखात काय काय करतं. फक्त एवढं लक्षात आलं की ताईंना वाचायला चष्मा लागायचा, पक्षात त्या खिडकीशी दिवा लावत नसत, आणि संध्याकाळी तिथं चष्मा लावूनही पानाचा आकडा दिसणार नाही असा अंधार व्हायचा, आणि दिवसा त्या माझ्याबरोबर कंपनीत असायच्या. मोजमापात हे बसत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

पुढच्या वर्षी २६८. त्या दिवशी ताईंचा चेहरा उतरलेला. "चाळीस पानं राहिली गं, शेवटचं सोडून," त्या बसमध्ये म्हणाल्या. "आणखी चारेक वरसं. पुस्तक संपलं की ते कशाला यायचे?"

"दुसरं ठेवा की ताई."

"दुसरं त्यांचं न्हाई. अर्धं राहिलंय म्हणून येत्यात."

मी त्यांचा हात धरून बसले. इंद्रायणीवर धुकं होतं आणि ताई त्यात बघत होत्या. मला त्या वेळी भीती वाटली नाही, रडू आलं.

त्याच दिवाळीनंतर ताई रिटायर झाल्या आणि मुलानं त्यांना मारुंजीला नेलं. उन्हाळ्यात एका दुपारी त्या गेल्या. मुलगा-सून ऑफिसात, मी शिफ्टवर. घरात कुणी नव्हतं. दिवसकार्याला गेले तेव्हा मुलानं पिशवी दिली, वर ताईंच्या अक्षरात माझं नाव. आत ते पुस्तक. कूपन २६८ वरच.

पितृपक्ष आला तशी माझी झोप उडाली. विश्वास नव्हता म्हणता म्हणता मी काय केलं, तर ते पुस्तक कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली डब्याच्या पिशवीत टाकली. कुणी वाचायलाच नको. वाचलं नाही तर संपणार नाही, एवढाच माझा हिशेब. माझ्या घरातही दोनच खोल्या. कुलूपबंद असं हे एक कपाट झालं. नवरा विचारायचा, त्यात काय आहे? मी म्हणायचे, जुने कागद.

सर्वपित्रीला पहाटे डबा भरला आणि राहवलं नाही. कपाट उघडलं. पुस्तक होतं तसंच होतं. कूपन ३०८ आणि ३०९ च्या मधे होतं. दरवर्षी आठ-दहा पानं, आणि या खेपेला चाळीस, पंधरा दिवसांत. मी तिथंच फरशीवर बसले. मग आठवलं, ताई झरझर वाचायच्या. या वेळी त्याच दाजींना वाचून दाखवत असणार. पुढं एकच पान उरलं होतं. ते त्यांनी एकटीनं कधीच वाचलं नसतं.

पुस्तक पुन्हा आत ठेवता आलं असतं. किल्ली हातातच होती. मी ते पिशवीत घातलं.

बसमध्ये खिडकीची जागा सोडून बसले. लाईनवरची एक मुलगी तिथं बसायला आली, तिला म्हटलं, आजच्या दिवस मागं बस गं. मोशी मागं पडली. पुलावर धुकं होतं. मी कूपन काढून मुठीत धरलं आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचायला लागले, अगदी सावकाश, दाजींना ओठ हलवत गाठता यावं म्हणून.